सर्वांत मोठ्या आकड्याचा फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना एअर फिल्टर आहे. वय म्हणाल तर कामाला लागून अवघे अकरा आठवडे झालेत. माणसं म्हातारपणी पांढरी होतात, आम्ही काळे पडतो, एवढाच काय तो फरक. घर गरम किंवा गार करणारं यंत्र खोल्यांतली हवा ओढून घेतं, तेव्हा तिच्यातली धूळ वाटेतच अडवायची, हे माझं काम.

माझा जन्म कारखान्यातला. दाट तंतूंच्या मऊ कापडाला घड्या घालून मला पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलं. चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाण छापला आणि शेजारी एक आकडा. आकडा जितका मोठा, तितकी बारीक धूळ फिल्टर पकडतो. दुकानातल्या फळीवर माझा आकडा सर्वांत मोठा होता. त्यामुळे मी जरा शेफारलोच होतो, खोटं कशाला बोलू?

मला घ्यायला आलेली बाई घरी शिवणकाम करायची. तिने मला उजेडाकडे धरलं, बोटांनी चाचपलं.

"तुमच्या यंत्राला किती आकड्यापर्यंतचा झेपतो, ते पुस्तिकेत बघितलंत का?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"पुस्तिका कशाला? वीस वर्षं कापड हाताळतेय मी. वीण जितकी घट्ट, तितका माल चांगला. माझ्या मुलीला दमा आहे हो. मला सर्वांत चांगलाच हवा."

ती मुलगी आठ वर्षांची. घरात सगळे तिला चिमणी म्हणत. प्रश्न विचारून भंडावून सोडण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मला घरातल्या बोळातल्या, हवा आत ओढणाऱ्या जाळीमागे बसवताच तिने पहिला प्रश्न टाकला, "आई, याच्यातून हवा जाणार कुठून?" आई जाळी लावून शिवणाकडे वळली. खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक नव्हतं. मग चिमणीने आपल्या खोलीत, गरम हवा जिथून येते त्या झडपेला एक लाल दोरा बांधला. हवा आली की दोरा नाचायचा आणि ती टक लावून बघत बसायची.

मीही काही कमी चौकस नव्हतो. निळा तंतू आला की ओळखायचं, आज निळ्या कापडाचं काम निघालं. मांजराचे केस, पेन्सिलीचा भुसा, खडूची भुकटी, सगळं माझ्या घड्यांत जमा व्हायचं. "बघ, किती घाण अडवली याने!" असं आई म्हणाली, त्या दिवशी माझी छाती फुगली.

पुढे थंडी वाढली आणि चिमणीचा खोकलाही. आईला वाटलं, अजून धूळ निसटतेय. मग तिने काय करावं? मला खाली काढलं, जाड सुती कापड बेतलं आणि कोटाला लावावं तसं मला अस्तर लावलं! बारीक, देखणे टाके. मी तर हरखून गेलो. अस्तर लावलेला फिल्टर कुणी पाहिलाय?

पण त्यानंतर सगळं विचित्र होऊ लागलं. यंत्र कण्हायचं, थोडा वेळ चालायचं आणि आपोआप बंद पडायचं. खोल्या गारठल्या. मी इतकं अडवत होतो, तरी खोकला थांबेना. हे कसं, ते मला कळत नव्हतं. एका दुपारी चिमणीची छाती घरघरायला लागली. आईने तिला औषध दिलं आणि दुलईत गुंडाळून जवळ धरलं. श्वास थोडा सुधारल्यावर चिमणी म्हणाली, "आई, माझा दोरा नाचतच नाही. हवा थकली का गं?"

आईने लगेच मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी मला बाहेर काढलं आणि मागे टॉर्च धरला. उजेडाचा एक कवडसाही पलीकडे आला नाही.

"अहो ताई, याला अस्तर कुणी लावलं?"

"मी," आई हळूच म्हणाली.

"तोंडावर गोधडी बांधून पळायला लावलंत की यंत्राला! त्याला हवा ओढवेना, म्हणून ते तापून बंद पडत होतं. आणि जी थोडी हवा येत होती, ती फिल्टरच्या कडेने घुसत होती, धुळीसकट."

आईचा चेहरा पडला. "म्हणजे तिचा त्रास मीच वाढवला?"

"माया कमी पडली नाही, ताई. हवेला वाट कमी पडली."

त्यांनी पुस्तिका उघडून दाखवली. त्यात यंत्राला झेपणारा म्हणून मधला आकडा दिला होता. तसाच फिल्टर त्यांनी आणला, बाण यंत्राकडे करून कडा नीट बसवल्या आणि बजावलं, "तुमच्याकडे कापडाचे तंतू उडतात. तीन महिने थांबू नका, दर महिन्याला काढून बघा."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. अडवणं हे माझं अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे जाऊ देणं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तेव्हा फिल्टर निवडताना नुसता मोठा आकडा बघून भुलू नका. आधी यंत्राला काय झेपतं ते बघा, माप नीट घ्या आणि आम्ही काळे पडलो की संकोच न करता बदला.

आता मी बाहेरच्या भिंतीला टेकून कचऱ्याच्या गाडीची वाट बघतोय. आज सकाळी खिडकीतून चिमणीचं गाणं ऐकू आलं. मध्ये कुठेही न थांबता, न खोकता तिने ते शेवटपर्यंत म्हटलं. अकरा आठवडे मी तिच्या घरात होतो, पण ते गाणं मी आजवर पूर्ण ऐकलंच नव्हतं.