गिटारला कवळी

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाने तरुणपणी स्वतःच्या हाताने एक गिटार केली होती, आणि ही गोष्ट तो पाहुण्याला पाणी देण्याआधीच सांगत असे. प्लायवूडची पेटी, तिच्या पोटात पातेल्याचं पातळ झाकण. तारा छेडल्या की झाकण थरथरायचं आणि आवाज कसा खणखणीत यायचा! 'खणखणीत' हा त्याचा शब्द. बायको म्हणायची, "भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा."

साडूच्या वाढदिवसाला त्याने ती नेली. दुसऱ्याच गाण्यात, तो डोळे मिटून रंगात आलेला असताना, दांडी कट्कन मोडली आणि तारांना लोंबकळू लागली. टाळ्या मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच पडल्या.

"वा! एकाची दोन वाद्यं केलीत की," साडू म्हणाला.

झालं. नवी दांडी स्वतःच करायची, असा त्याने घरी येऊन पण केला. त्यासाठी घरात एक उत्तम सागवानी पट्टी होतीच. अडचण एवढीच की तिला पलंग जोडलेला होता.

"अहो, पलंगाला काय झालं?" बायकोने बाजारातून आल्या आल्या विचारलं.

"काही नाही गं. जरा खाली बसलाय."

कामात तो मुरलेला होता. लोकांच्या जबड्यात केसभर चूक न खपवून घेणारा माणूस! जुन्या दांडीवरच्या पडद्यांची, म्हणजे सुरांच्या आडव्या पट्ट्यांची, अंतरं मोजून त्याने नवीवर जशीच्या तशी उतरवली. तासली, घासली, तिच्यावरून हात फिरवला आणि स्वतःवरच खूश झाला. जोडताना मात्र दांडी पेटीत पुरती शिरेना, दोन बोटं बाहेरच राहिली. 'दोन बोटांनी काय होतंय,' म्हणून त्याने सरस वाळू दिला.

दोन बोटांनीच सगळं झालं. तारा लांबल्या, पडदे जुन्या हिशोबाचेच राहिले. मोकळी तार झकास वाजे; बोट दाबलं की सूर पार बिघडे. सरस इतका चांगला लागला होता की दांडी आता निघेना. आयुष्यात एक गोष्ट पक्की चिकटवली, तीही चुकीच्या जागी! तो गिटार मांडीवर घेऊन स्वतःलाच शिव्या घालत बसला.

बायको पलीकडे खोकल्याचं औषध घेत होती. म्हणाली, "बोट दाबलं की बिघडतं ना? मग दाबू नका."

"अगं, मग वाजवायची कशी?"

तिने गिटार स्वतःच्या मांडीवर आडवी घेतली. औषधाची काचेची बाटली तारांवर टेकवली आणि हळूच सरकवत नेली. सूर चुकीच्या पडद्यांवरून घसरत, नेमका हवा तिथे जाऊन थांबला. जणू कुणी गळा मोकळा करून गात होतं. त्याला भरून आलं, आणि पाठोपाठ जळूही लागलं. इतकी वर्षं तो घाम गाळत होता. हिने हे खोकता खोकता केलं.

बाटली पडद्यांना अडखळू नये म्हणून तारा उंच उचलायला हव्या होत्या. त्याने कारखान्यातला कवळीचा गुलाबी तुकडा घासून तारांखाली बसवला.

पुढच्या रविवारी साडू आला. तुकड्याकडे बघत म्हणाला, "म्हातारीला कवळी बसवलीत?"

"बसवली. आता बोलते ती. ऐका."

बायकोने वाजवलं. साडू चहा विसरला. "पुन्हा वाजवा ना," म्हणाला. कवळीवाल्याला आजवर हे कोणी म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलायचं, त्याच्या काळजात जरा टोचलंच. मग तो जमिनीवर तिच्यासमोर येऊन बसला.

"मला शिकवशील?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि बाटली हातात दिली. "दाबायचं नाही. नुसतं सरकू द्यायचं."

त्याने श्वास रोखून बाटली सरकवली. साडू उठून चपला शोधायला लागला.