डावीकडची सीट

डॉक्टरांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवं झालेल्या प्रत्येकाला एक वाक्य ऐकावंच लागे. "घाबरू नका, थोडंसंच दुखेल." डॉक्टर दातांचे. ते हे इतक्या मायेने म्हणत की पेशंटचा विश्वास बसे, आणि मग चांगलंच दुखे. त्या शनिवारी सकाळी मात्र खुर्चीवर डॉक्टर स्वतः होते. खुर्ची होती क्लबच्या चार सीटच्या विमानातली, डावीकडची.

विमान चालवणारा डावीकडे बसतो. गेली बावीस वर्षं डॉक्टर हौसेने विमान चालवत होते आणि उजवीकडे वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मांडीवर नकाशा घेऊन बसत होत्या. क्लबातले सगळे त्यांना वहिनीच म्हणत. चार वर्षांपूर्वी त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, "अहो, वर असताना तुम्हाला काही झालं, तर मी काय करू?"

"चार धडे घे. खाली कसं उतरवायचं तेवढं शिकून ठेव," डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले. फीसुद्धा त्यांनीच भरली.

तिथेच चुकलं. चार धड्यांची चार वर्षं झाली. वहिनींनी लायसन्स काढलं, मग त्याच्या वरचं काढलं. सकाळी दवाखान्याची अपॉइंटमेंटची डायरी लावून द्यायची आणि दुपारी क्लब गाठायचा, असा त्यांचा क्रम पडला. इकडे डॉक्टर दाढा उपटत राहिले. क्लबात कुणी म्हणालं, "वहिनींचा हात काय हलका आहे हो!" की डॉक्टर हसून मान डोलवत आणि घरी येईपर्यंत धुमसत. हलका हात! जन्मभर लोकांच्या जबड्यात हात घालणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? घरात विमानाचा विषय निघाला की ते वर्तमानपत्र उघडून त्याच्यामागे गडप होत. सरळच सांगायचं तर त्यांच्या पोटात दुखत होतं.

आता दर दोन वर्षांनी करायची उजळणी आली होती. इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून नेहमीच्या कसरती करून दाखवायच्या आणि त्याची सही घ्यायची. सही नाही, तर एकट्याच्या जबाबदारीवर विमान चालवणं बंद. आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, लेकीकडे जायचं होतं. नात तीन आठवड्यांची झाली होती. "आजोबा विमान घेऊन येतायत," असं डॉक्टरांनी फोनवर तीनदा सांगून ठेवलं होतं. सही झाली नाही तर विमान जाणारच होतं, पण डावीकडे वहिनी आणि मांडीवर नकाशा घेऊन आजोबा. नुसत्या कल्पनेनेच त्यांचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

इन्स्ट्रक्टरला सगळे मास्तर म्हणत. शांत माणूस. तीन हजार फुटांवर पोचल्यावर ते म्हणाले, "आधी वेग कमी करून दाखवा, डॉक्टर."

ते जमलं. मग स्टॉल. नाक वर उचलत न्यायचं, वेग मरू द्यायचा, भोंगा किंचाळायला लागतो, पंखाखालचा आधार सुटतो आणि नाक खाली पडतं. तेव्हा घाबरून सुकाणू मागे ओढायचं नाही, पुढे ढकलायचं आणि इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. डॉक्टरांनी केलं. जरा उशिरा केलं, पण केलं.

"ठीक," मास्तर म्हणाले.

ठीक? तिला काय म्हणत असतील? डॉक्टरांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"आता पंचेचाळीस अंशांत कलवून पूर्ण गोल वळण. उंची सोडायची नाही."

या वळणाची एक गंमत आहे. उंची तंतोतंत राखली, तर गोल पूर्ण होताना विमान आपणच मागे टाकलेल्या हवेच्या लाटेवर येतं आणि हलकासा धक्का बसतो. वळण बरोबर झाल्याची ती पावती. डॉक्टरांना ती बावीस वर्षांत एकदाही मिळाली नव्हती.

त्यांनी विमान कलवलं. क्षितिज तिरकं झालं. अर्धा गोल झकास गेला. तेवढ्यावर गप्प बसायचं, तर डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "हिला बसतो का हो तो धक्का?"

"वहिनींना? दर वेळी," मास्तर म्हणाले. "डॉक्टर, उंची."

"दर वेळी?"

"उंची, डॉक्टर!"

काटा तीनशे फूट घसरला होता. दुसऱ्या खेपेला डॉक्टर त्या काट्याकडेच डोळे वटारून बसले, बाहेर बघायचं विसरले, आणि चारशे फूट घालवले. तिसऱ्या खेपेचं न बोललेलंच बरं.

परतताना मास्तर हळूच म्हणाले, "आज सही नाही देता येणार. अजून दोन तास इन्स्ट्रक्टरबरोबर करा, वळणं घासून घ्या."

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. मास्तरांना दया आली असावी. "वहिनींचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "त्या तर हल्ली डावीकडे बसतसुद्धा नाहीत. सहा महिने सगळा सराव उजवीकडूनच. पुढचं त्यांनाच विचारा."

डॉक्टरांना गलबलून आलं. एवढं येत असूनही डावीकडे बसत नाही! आपली जागा आपल्यासाठी राखून ठेवलीय तिने, आणि आपण वर्तमानपत्रामागे तोंड लपवून जळत बसलो. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विमान त्यांनी इतकं अलगद टेकवलं की मास्तरांनी भुवया उंचावल्या.

वहिनी हँगरबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

"सही नाही झाली," डॉक्टर म्हणाले. एरवी हे कबूल करायला त्यांना आठवडा लागला असता. "पण मास्तरांनी सांगितलं मला. तू उजवीकडेच बसतेस म्हणे. माझी जागा सोडून. अगं, एवढं कशाला?"

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू आवरेना.

"अहो, आत्ता तासभर तुमच्या उजवीकडे कोण बसलं होतं?"

"मास्तर."

"मग?"

डॉक्टरांनी वळून विमानातल्या पुढच्या दोन सीटकडे पाहिलं. उजवीकडे मांडीवर नकाशा घेतलेली बायको बसते, आणि उजवीकडेच इन्स्ट्रक्टर बसतो.

"मंगळवारी इन्स्ट्रक्टरची परीक्षा आहे, उशीर होईल, असं सांगितलं होतं मी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पेपरामागून 'हं' म्हणालात. पास झाले."

आत्ताच विझलेलं पोटातलं दुखणं दुप्पट जोराने परत आलं. तरी डॉक्टरांनी उसनं हसू आणून अभिनंदन केलं.

वहिनींनी पर्समधून डायरी काढली. तीच, दवाखान्याची. "उद्या लेकीकडे जाताना एक तास, येताना एक तास. तुमचे दोन तास होतात. डावीकडे तुम्हीच बसा."

"आणि तू?"

"मी उजवीकडे." त्यांनी रविवारच्या पानावर नवऱ्याचं नाव लिहिलं आणि मायेने वर पाहिलं. "घाबरू नका. थोडंसंच दुखेल."