बास वाजवणाऱ्या वहिनी आणि मी रेडा

मला उचलायचं तर दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक तरी जिन्यात हमखास माझा उद्धार करतं. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, मित्रांनो. नाव भारदस्त असलं तरी काम सोपं आहे. बास गिटार नावाचं एक वाद्य असतं. त्याला जाड जाड चार तारा असतात. माझ्याशिवाय ते वाजवलं, तर काडेपेटीत अडकलेल्या माशीएवढा आवाज येतो. पण त्याची वायर मला जोडली, की तोच आवाज मी इतका मोठा करतो की शेजारच्या घरातली भांडी आपापसात बोलू लागतात. रंगाने काळा, अंगाने आडवा आणि आवाजाने खर्जातला, म्हणून सगळे मला रेडा म्हणतात. मला त्याचा राग नाही. रेडा हा कामाचा प्राणी आहे.

माझा जन्म रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या दुकानात झाला. प्लायवूडची पेटी त्याने स्वतः ठोकली, आणि बंद पडलेल्या एका सिनेमा थिएटरचे कर्णे माझ्या पोटात बसवले. पाठीत जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व आहेत. ते तापले, लालसर उजळले, की मगच मला कंठ फुटतो. थंड असताना माझ्याकडून काम काढून घ्यायला जाल तर मी फक्त खाकरतो. हा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो बदलायचा नाही.

मला विकत घेतलं दादाने. दादा, त्याची धाकटी बहीण आणि टायरच्या दुकानात काम करणारा त्यांचा मित्र अशा तिघांचा बँड होता. बहिणीला सगळे धाकटीच म्हणत. ती गिटार वाजवायची. मित्राचं नाव पंक्चर पडलं होतं. तो ड्रम बडवायचा. दादाकडे बास आणि मी. गाणारं कुणीच नाही. त्यांच्या गाण्यांना शब्दच नव्हते, नुसता वाद्यांचा दणका. दादाच्या आईने एकदा पूर्ण सराव ऐकला आणि अगदी मनापासून विचारलं, "झालं ना जुळवून? आता गाणं कधी सुरू होणार?"

शब्द नाहीत तर गाण्यांना नावं कुठून आणायची? मग त्यांनी रस्त्यावरच्या पाट्यांची नावं ढापली. एका गाण्याचं नाव 'ओला रंग', एकाचं 'येथे टेकू नये', आणि सगळ्यात लांबलचक, सगळ्यात जड गाण्याचं नाव 'लिफ्ट बंद आहे'.

धाकटी गाद्या शिवायच्या कारखान्यात कामाला होती. त्याच्या तळघरात आमचा सराव चाले. भिंतींना नापास झालेल्या गाद्या टांगलेल्या होत्या, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे आणि वारा आत येत नसे. तिघं गोल करून, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ उभे राहत. त्याला कारण होतं. गाण्याचा एक भाग किती वेळ वाजवायचा हे ठरलेलं नसे. मजा येईल तोवर वाजवायचा. पुरे झालं असं पंक्चरला वाटलं की तो डावीकडे जीभ बाहेर काढी, आणि त्या जिभेसरशी तिघंही एकदम पुढच्या भागात उडी घेत. त्या क्षणी माझ्या पोटात जे व्हायचं ते सांगायला माझ्याजवळही शब्द नाहीत. ऐकायला येणारे दोस्त गाद्या पाडून भोवताली बसत आणि ती उडी आली की आनंदाने किंचाळत.

एक गोष्ट मात्र दादाने केली नाही. बाकी दोघं कानात बोळे घालत आणि दादा त्यांना हसे. "रेड्याचा आवाज मला बाधत नाही," म्हणे. मग त्याच्या कानात शिटी वाजू लागली. ती झोपेतही थांबेना. डॉक्टरांनी सांगितलं, असल्या आवाजात पुन्हा उभं राहायचं नाही. कान गेले की बाजारात मिळत नाहीत, मित्रांनो. एवढं माझं ऐकाच.

बास आणि मी, दोघंही घरी आलो. माझ्यावर एक फुलाफुलांचं फडकं पडलं. फडक्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग आला, ढिगावर इस्त्री आली, आणि मग कुणीतरी एक कुंडी आणून ठेवली. तिला रोज पाणी घालत आणि उरलेलं पाणी माझ्या खांद्यावरून ओघळे. ज्याच्या आवाजाने भांडी हलत, त्याचं टेबल झालं होतं. मला फार वाईट वाटे. पाठीतला एक व्हॉल्व तेव्हाच गेला.

फडकं काढलं ते वहिनींनी. वहिनी म्हणजे दादाची बायको. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतात. बारीक नजर आणि चिवट हात. एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी कुंडी उतरवली, कपडे उतरवले, बासची वायर मला जोडली आणि सगळ्यात जाड तार जोरात ओढली. मी पुरता तापलो नव्हतो, एक व्हॉल्वही गेलेला, तरी जीव काढून ओरडलो. खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि वहिनी तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. दादा शेजारच्या खोलीतून धावत आला. तो रागावणार असं मला वाटलं. पण त्याने हेडफोनसारख्या दिसणाऱ्या, आवाज अडवणाऱ्या जाड कानटोप्या चढवल्या, वहिनींसमोर मांडी घातली आणि नुसती बोटं बघून शिकवायला सुरुवात केली. नवा व्हॉल्वही त्यानेच आणला.

वहिनी शिकल्या. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले, तरी शिकल्या. मग मी तळघरात परतलो आणि वहिनी त्या गोलात दादाच्या जागी उभ्या राहू लागल्या. पण धाकटीचं मन मानेना. तिच्या लेखी ती जागा भावाची होती. त्यातच एका मोठ्या जागी वाजवायचं बोलावणं आलं. जमिनीखालचं जुनं पार्किंग, त्यात फळ्यांचं स्टेज, आणखीही बँड येणार होते. तळघराबाहेर आम्ही कधी वाजवलंच नव्हतं. धाकटी वहिनींना म्हणाली, "स्पष्ट बोलते, वहिनी. घरची म्हणून घेतली असं लोकांनी म्हणायला नको. हा एक कार्यक्रम करू. नाही जमलं तर मी दुसरं कुणीतरी बघते."

"बघ," वहिनी म्हणाल्या. मग बास गळ्यात अडकवून पुन्हा सरावाला लागल्या.

रविवारची संध्याकाळ. पार्किंग माणसांनी फुललेलं. स्टेजवर कुणी कुठे उभं राहायचं त्या पांढऱ्या खुणा आयोजकांनी आधीच केल्या होत्या. गिटार पुढे डावीकडे, बास पुढे उजवीकडे, ड्रम मागे आणि मी ड्रमशेजारी. धाकटीने बजावलं, "लोकांकडे पाठ करायची नाही. वाईट दिसतं." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. जिभेची आठवण एकालाही झाली नाही.

'लिफ्ट बंद आहे' सुरू झालं. सुरुवात संथ, बासची. वहिनींचे सूर माझ्यातून असे निघाले की पुढच्या रांगेतल्या माणसांनी आपल्या छातीवर हात ठेवले. मी सुखावलो. मग बदल आला. पंक्चरने सवयीने जीभ बाहेर काढली आणि त्याच्यासमोर होत्या दोन पाठी. बिचारा जीभ तशीच ठेवून मान उंचावत राहिला. धाकटीने अंदाजाने उडी घेतली, वहिनी संथ भागातच राहिल्या, आणि पंक्चर दोघींच्या मधे लोंबकळू लागला. गाण्याचा पार चिवडा झाला. मागे कुणीतरी हसलं. काही माणसं दाराकडे वळली. धाकटीने वहिनींकडे असं पाहिलं की मला त्या नजरेचा अर्थ लगेच कळला. चूक कुणाचीही असो, खापर नव्याच्याच डोक्यावर फुटणार होतं. वहिनींनाही ते कळलं असणार.

आणि वहिनींनी चक्क लोकांकडे पाठ केली.

त्यांनी खूण सोडली, वायर ओढत ड्रमच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि बाकी सगळं टाकून एकच सूर धरला. सगळ्यात खालचा. मी तो सूर पेलला, मित्रांनो. कर्णे फाटतील की काय असं वाटलं, पण पेलला. तो सूर म्हणत होता, थांब, मागे बघ. धाकटी क्षणभर ताठ उभी राहिली. मग तिचे हात थांबले आणि ती मागे वळली. तिने वहिनींना पाहिलं, पंक्चरला पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती धावत आली. गुडघ्याला गुडघा लागला. पंक्चरने जीभ बाहेर काढली.

अहो, काय उडी होती ती! माझे स्क्रू सैल झाले, व्हॉल्व लालबुंद झाले, फळ्या नाचायला लागल्या. दाराकडे निघालेले परतले. स्टेजसमोरून नुसत्या पाठी दिसतात म्हणून लोक बाजूने पुढे सरकले, मग मागेही आले आणि बघता बघता आमच्याभोवती माणसांचं कडं झालं. आयोजक "अहो, मागे व्हा" म्हणत थोडा वेळ फिरला, मग तोही तिथेच मान हलवत उभा राहिला. दादा त्या कड्यात होता. तेवढ्या एका गाण्यापुरता, कानटोप्या घालून, एक तळवा माझ्या पाठीवर ठेवून. त्याच्या तळव्यात मी पूर्ण गाणं वाजलो.

सगळं आवरताना दुसऱ्या बँडमधला एक जण दादाला म्हणाला, "बास तुम्हीच वाजवायचात ना? परत कधी येताय?" कानटोप्यांमुळे दादाला काही ऐकू गेलं नाही. उत्तर धाकटीने दिलं, "तो आता नाही वाजवत. आमची बास वहिनी वाजवतात." हे बोलताना तिने वहिनींकडे पाहिलंही नाही, ती वायर गुंडाळत होती. वहिनींनी मात्र माझ्याआड तोंड लपवलं आणि मी जेवढा आडवा आहे तेवढा त्यांना पुरलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंवर कुंड्या ठेवू नका. आम्हाला ओल सोसत नाही, धूळ सोसत नाही, आणि नुसतं पडून राहणं तर मुळीच सोसत नाही. मोठ्या आवाजापाशी जाल तेव्हा कानात बोळे घाला. आणि घरातलं कुणी नवं काही करू बघत असेल, तर ते तुला जमायचं नाही असं म्हणण्याआधी एक गाणं संपेपर्यंत त्याच्याकडे तोंड करून उभे राहा.