पाइपाची कंपनी

अंगठ्याच्या नखापाशी एक खवला चिपकून होता, सुकून काचेवानी कडक झालेला, अन् सोमाजी बाकाखाली हात घेऊन तो खरवडून राह्यला होता. समोर माधवी मॅडम सांगत होत्या की लढाई काई नुसती बंदुकवाल्याइची नसते, ते घरात येऊन बसते, चुलीपाशी, खाटेवर, मानसाच्या बोलन्यात... खवला निघेना. सकाळी बाजारात मासोळी तोलताना चिपकला असन. तवाच तं तराजू हातातून सुटला होता. अमरनं साऱ्या बाजारादेखत वाकून पाय धरले अन् "बाबा" म्हनला.

बाबा! भर बाजारात!

नाई तं आजवरची रीत वेगळी. शनिवारी कुरखेड्याच्या बाजारात सोमाजी टोपलं घेऊन बसे, अन् पोटचा पोरगा तोंडाले दुपट्टा बांधून गिऱ्हाइकासारखा समोर उभा राहे. "भाऊ, रोहू कशी देल्ली?" बापाले भाऊ. बाप म्हने, घ्याची असन तं घे, नाई तं पुढं सरक. आजूबाजूच्या बायाइले आयकू जाईन एवढ्या जोरात घासाघीस कराची, अन् मधातच हळू — माय बरी आहे? बरी आहे. खोकला? कमी आहे — अन् पुन्हा जोरात, "एवढी महाग असते का हो कुठी!" तोलताना एखादी मासोळी वरून टाकली का अमर डोळ्यानंच नाई म्हने. कोनाले शंका नोको. गावचं कोनी दिसलं तं तो आलाच नाई असं समजाचं. एवढीच बाप-लेकाची भेट.

कारन अमर पोलिसात, अन् गावात सांगतलेलं का नागपूरले पाइपाच्या कंपनीत आहे. पोलिसवाल्याचं घर म्हनलं का जंगलवाले, नक्षल, विचारत येत, अन् पोरगा घरी याच्या दिवसावर टपून बसत. म्हनून कंपनी. पन खोट्याले रोज चारा लागते... सोमाजीनं एक निळी बादली इकत घेतली अन् कंपनीची म्हनून ओसरीत ठेवली. गिरजानं, त्याच्या बायकोनं, कंपनीच्या साहेबाले शुगर लावून देल्ली. शेजारचा मुखरू भाच्याले चिपकवून दे म्हनला तं सोमाजीनं कंपनीतली भरतीच बंद केली. अमरचं लगन चंद्रपूरले गुपचूप करा लागलं, तं पोट्ट्यानं लव म्यारेज केलं, आमाले बी नाई बोलावलं, असं सांगताना गिरजा खरंच रडली. गाव जेवलं नाई त्या लगनात. ते अजून घशात आहे माह्या.

अन् हा वर्ग. कॉलेजातली एक खोली, दर शनिवारी दुपारी, मोठ्या मानसाइसाठी — 'युद्ध आणि समाज'. सोमाजी चौथीपर्यंतचा. मुखरूनंच ओढून आनला, चहा-पोहे भेटते म्हनून. सोमाजीले वाटलं, राजाइच्या गोष्टी असतीन. तं मॅडमनं एका दूरदेशच्या बाईचं सांगतलं — वरून इमानं याची तवा तिनं खिडक्याइले काळा कागद लावला, उजेड बाहेर जाऊ नये म्हनून. अन् लढाई संपली तरी तिनं तो काढलाच नाई. वर्गातले हासले. सोमाजी नाई हासला.

संपली हे कसं समजत असन मानसाले? भोंगा वाजते का? रस्ता झाला, टॉवर झाला, जंगलातले लोक हत्यारं टाकून बाहेर येऊन राह्यले, सारेच म्हनतेत का आता काई नाई राह्यलं. अमर बी तेच म्हनला सकाळी. "बाबा, दिवाळीनंतरच्या मंडईले, जत्रेले, गावात येतो. बायकोले, पोरीले घेऊन, दिवसाउजेडी. संध्याकाळी फोन करतो, फक्त हो म्हना." नात चालाले लागली, अजून आज्याच्या अंगनात पाय नाई पडला तिचा. हो म्हनाले काय जाते? एकच अक्षर... अन् चुकलं तं?

"मॅडम," मुखरू बोलला, "हे लढाईचं सर्टिफिकेट भेटल्यावर आमाले बंदूक भेटन का नुसता चहाच?"

"चहाच, मुखरूभाऊ." मॅडम हसल्या. "पण आधी प्रत्येकानं सांगायचं, आपल्या घरात लढाई कुठून आली. सोमाजीभाऊ, आज तुम्ही. तुम्ही कधीच बोलत नाही."

सोमाजी उभा राह्यला. तोंड आपोआप चालू झालं — "माहा पोरगा नागपूरले, पाइपाच्या..." — अन् मधातच अडकलं. साल्या त्या पाइपाचा कटाळा आला एकदम, त्या बादलीचा, साहेबाच्या शुगरचा. पोरानं बाजारात पाय धरले अन् बाप अजून टोपल्याआड.

"नाई," तो म्हनला. "पोलिसात आहे. कंपनी-गिंपनी काई नाई."

कान तापले. त्यानं मुखरूकडं पाह्यलं. गावचा तोच एक होता तिथी.

मुखरू दात काढून हासून राह्यला होता. "घ्या! हे तं साऱ्या गावाले मालूम आहे, सोमाजीभाऊ. पह्यल्यापासून. तुमची कंपनी चालू राह्यली पाह्यजे म्हनून तं मी भाच्याचं विचारत होतो!"

सारा वर्ग हासला. कोनी टाळ्या वाजवल्या. मॅडमचे डोळे भरले. "पाहा," त्या म्हनल्या, "अख्ख्या गावानं मिळून एक घर राखलं." सोमाजी बी हासला, छाती मोकळी होईपर्यंत हासला, अन् हासता हासताच त्याले गावातला गोविंदा आठवला, त्याच्यासंगं जाळं टाकनारा.

कई वर्षामागची उन्हाळ्यातली सांज. जंगलवाल्याइनं सारं गाव मोहाच्या झाडाखाली बसवलं होतं. पोलिसात कोनाचं पोरगं आहे? गोविंदा सामने बसून होता, त्यालेच उचललं. मालूम नाई, तो म्हनला. काठी पडत गेली, अन् तो तेच म्हनत गेला, कोपर लोंबकळेपर्यंत. मी खाली मान घालून मातीकडं पाहत होतो. मनात म्हनत होतो — बरं झालं बिचाऱ्याले मालूम नाई, असतं तं बोलला असता. आपल्या खोट्यानं वाचवलं, असं वाटलं मले. त्यानंतर गोविंदाच्या हातानं जाळं फेकनं झालं नाई. मी मासोळी पोहचवत राह्यलो त्याच्या घरी, दया म्हनून. तो घेई. म्हने, "काहाले एवढी, सोमाजी?" बस, एवढंच.

पह्यल्यापासून, म्हनला मुखरू.

अन् गोविंदाले बी मालूम होतं ही गोष्ट मनात पुरती उतरलीबी नोती, तं तिच्या पाठीमागून दुसरी आली, हळूच, गवतातून यावी तशी. ते लोक विचारत आले होते. म्हनजे गावातलं एक पोरगं पोलिसात आहे, एवढं त्याईले मालूम होतं. घर तेवढं मालूम नोतं. मंग एवढं तरी कोनं सांगतलं? गोविंदानं मार खाल्ला तवा तो सांगनारा बी तिथीच बसून असन, त्याच मोहाखाली, मान खाली घालून. मी त्याच्या बाजूले बी असन...

संध्याकाळच्या एसटीत मुखरू खेटून बसला. बाजार करून परत जानारे गावचे बाकी लोक मागंपुढं होते, पिशव्या मांडीवर घेऊन.

"मंग, येऊन राह्यला न अमर मंडईले?" मुखरू म्हनला. "सकाळी मी वांगेवाल्याच्या मागंच होतो, आयकलं सारं. येऊ द्या बिनधास्त. आमी सारे आहो न."

त्याचा हात सोमाजीच्या खांद्यावर होता. जड, गरम, शेजाऱ्याचा हात. पोरीले उचलाले सारेच येतीन अंगनात. गोविंदा येईन, एका हातानं घेईन तिले. अन् तो सांगनारा बी येईन, गालाले हात लावन, अन् गिरजा दोघाइलेबी चहा देईन.

खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

"घ्या न, पोराचा असन," मुखरू म्हनला.

बाहेर जंगल सुरू झालं होतं. इतके वर्ष या वळनावर सोमाजीची नजर झाडाइच्या मधात जाऊन अडके. आज ते जंगल आलं कवा अन् सरकलं कवा, त्याले समजलंच नाई. तो आत पाहून राह्यला होता, एकेका सीटवर, ओळखीच्या एकेका तोंडाकडं — अन् जे तोंड त्याच्याकडं पाहून हासे, त्याच्याकडं तो जरा जास्त वेळ पाहे.