फादर पास्कोलचा भाडेकरू

मढच्या चर्चमागे प्रेमा फादर पास्कोलचा स्वयंपाक करायची. करायची आणि तसाच घरी न्यायची म्हणा, कारण ब्याऐंशी सालचा ईस्टरआधीचा उपासकाळ लागल्यापासून फादर पाव-पाण्यावरच होते. निजायचे फरशीवर, चपलांत खडे घालून चालायचे.

"सोमवार आमी पण धरतो, फादर. पण संध्याकाळी सोडतो ना."

"शरीर म्हणजे माजलेला भाडेकरू आहे, प्रेमा. त्याला बाहेर काढतोय मी."

"मुंबईत भाडेकरू कधी हललाय काय?"

हा हलला. भर दुपारी प्रेमाला चिंचेखाली फादर दिसले. उघडेबंब, बरगड्या वर आलेल्या, वाळत घातलेल्या बोंबलांवर नजर. तिनं चर्चच्या खिडकीतून डोकावलं, तर तिथंही फादर. गुडघ्यांवर, प्रार्थनेत. फक्त झगा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता आणि गुडघ्यांखालची धूळ जराही हलली नव्हती.

प्रेमा कोकणातली. दुपारी झाडाखाली भुकेलं काही बसलं, तर केळीच्या पानावर भाताची वाडी ठेवायची आणि मागं न बघता परतायचं, एवढं तिला ठाऊक. तिनं रोज ठेवली. पान रोज चाटूनपुसून साफ. चिंचेखालचा गरगरीत होत चालला.

"काय हलकं वाटतंय गं," चर्चमधले फादर खूश होते. तिनं चहा पुढं केला. कप त्यांच्या तळव्यातून आरपार खाली पडून फुटला.

तेव्हा तिला उमगलं. वाडी ठेवतात ती बाहेरच्यानं बाहेरच राहावं म्हणून. तिनंच त्याला बाहेर बांधून ठेवला होता, आणि आतला असाच विरत जाणार होता.

गुड फ्रायडेला तिनं पान मांडलंच नाही. स्वयंपाकघरात पाट टाकला, पेज वाढली, मीठ ठेवलं आणि हाक मारली, "आत या. बाहेर आता मिळायचं नाही."

चिंचेखालचा उंबऱ्यापर्यंत आला. "तो कुठं बोलावतोय?" फादरांच्याच आवाजात म्हणाला.

प्रेमा तडक चर्चमध्ये गेली. "शरीर पुन्हा उठणार, असं दर रविवारी तुमीच म्हणवून घेता ना आमच्या शेजारच्या मेरीबाईंकडून? मग त्याला असं हाकलून कसं चालेल? बोलवा त्याला."

फादरांनी दाराकडं मान वळवली. मग पुटपुटले, "ये."

ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज झाला. फादर कण्हले, चपला काढून खडे झटकले आणि लंगडत येऊन पाटावर बसले. पेज संपली.

"आणखी वाढू, फादर?"

"मला काय विचारतेस?" ते स्वतःच्या उजव्या हाताकडं जरा भिऊनच बघत म्हणाले. "त्याला विचार."

हातानं वाडगा केव्हाच पुढं सरकवला होता.