एकतीस माश्यांच्या चिठ्ठ्या

माशीमास्तर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि उरलेला सगळा वेळ माश्यांच्या मागे धावायचे. शाळा आठवीतच सुटलेली. पण टाकाऊ भिंगांतून त्यांनी स्वतःच सूक्ष्मदर्शक बनवला, जाडजूड पुस्तकं अडखळत वाचली आणि बघता बघता ते शास्त्रज्ञ झाले. 'माशीमास्तर' ही पदवी गल्लीने दिलेली. विद्यापीठाने कुठलीच दिली नव्हती, तेव्हा तीच गोड मानायची. बायको ओघानेच मास्तरीणबाई झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरांचा जीव जडला होता तो मातीचं घर बांधणाऱ्या एका काळ्या कुंभारमाशीवर. ही जात अजून कुणी नोंदलेलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. वीस वर्षांत त्यांनी एकतीस नमुने जमवले, तीस माद्या आणि एकच नर. प्रत्येक माशी टाचणीला टोचलेली आणि त्याच टाचणीत नखाएवढी चिठ्ठी. तिच्यावर जागा, तारीख, वेळ. चिठ्ठीशिवाय माशी म्हणजे कचरा, असं मास्तर बजावत. मास्तरीणबाईंना चिठ्ठीसकटही ती कचराच वाटे, पण शास्त्रात त्यांचं मत कोण घेतो!

आणि एक दिवस पत्र आलं. विद्यापीठातले प्राध्यापक पेटी बघायला येणार होते. त्यांनी मान्य केलं, तर माशीची नोंद होणार होती आणि शोधणारा म्हणून काचा घासणाऱ्या माणसाचं नाव छापून येणार होतं. त्या सकाळीच मास्तरांना साक्षात्कार झाला, की चिठ्ठ्या पिवळ्या पडल्यात. त्यांनी एकतीसही चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या, ठळक अक्षरात उतरवायला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

प्राध्यापक तासभर आधीच टपकले, घामाघूम. पाहुण्याला घाम आला की कुठलीही गृहिणी करते तेच मास्तरीणबाईंनी केलं. पंखा लावला.

वीस वर्षांचं शास्त्र पलंगाखाली गेलं.

चिठ्ठ्या सगळ्या सापडल्या, पण कुठली कुणाची? माश्या एकजात काळ्या. मास्तर मटकन खाली बसले. "आता ह्यांचा उपयोग नाही हो," असं म्हणून प्राध्यापक चष्मा पुसू लागले.

बाईंना खरं तर दोन शब्द सुनावायचे होते, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळले. त्यांनी पेटी पुढे ओढली.

"हिचा डावा पंख बघा. मी झाडू मारला होता. थोरलीला गोवर आला होता तेव्हा. न्हाणीघर, मार्च महिना. शोधा."

प्राध्यापकांनी शोधली. न्हाणीघर, अकरा मार्च.

"ही लंगडी. भाचीचं लग्न. नवरानवरी फोटोला उभी आणि आमचे हे हॉलच्या मागे, हातात जाळी घेऊन. आणि हिच्या पोटावर पांढरा डाग आहे ना? घर रंगवायला काढलं होतं. रंगारी खाली आणि शिडीवर हे!"

"वहिनी, एवढं कसं लक्षात राहिलं?"

"प्रत्येकीने माझा एकेक दिवस खाल्लाय साहेब. विसरेन कशी?"

चिठ्ठ्या जुळत गेल्या. मास्तर तोंडाचा आ करून बायकोकडे बघत राहिले. तीस झाल्या. उरला नर, धडधाकट, एक केसही न तुटलेला. नराशिवाय नवी जात सिद्ध होत नाही, त्यामुळे सगळा दावा त्याच्यावरच उभा होता. चिठ्ठीही एकच उरली होती. बाईंनी ती उचलून वाचली.

'सरकारी दवाखाना, मागची भिंत. नऊ ऑगस्ट. पावणेबारा ते साडेबारा.'

त्या दिवशी त्या भिंतीच्या आत बाईंची आई शेवटच्या घटका मोजत होती. औषध आणायला गेलेले मास्तर एक वाजता परतले, रिकाम्या हाताने. दुकान बंद होतं म्हणाले. आई बाराला गेली. सोळा वर्षं बाई त्या औषधवाल्याला शिव्या घालत होत्या.

"ही चिठ्ठी खरी?" त्यांनी विचारलं.

खोटी म्हणावं, तर नर गेला, जात गेली, छापून येणारं नाव गेलं. प्राध्यापकांचं पेन हवेतच थांबलं होतं.

"खरी," मास्तर खाली बघत म्हणाले.

"लिहून घ्या साहेब," बाई म्हणाल्या. "शास्त्रात हे कधी खोटं लिहीत नाहीत. खोटं फक्त घरी बोलतात."