सुटलेल्या फळीचं गाणं

मित्रांनो, मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली. हे भोक घड्याळाच्या काट्यांसाठी असतं असा तुमचा समज असेल तर त्यात तुमची चूक नाही, कारण माझ्या बहुतेक बहिणींची घड्याळंच झाली. कॉफीच्या दुकानात भिंतीवर लटकतात. त्यांच्या पोटात कोण गातंय याच्याशी कुणाला घेणं नाही, किती वाजले तेवढं कळलं की झालं. माझी गोष्ट सांगते. ती गोड नाही, आणि मी ती गोड करून सांगणारही नाही.

माझ्यात एक संगीत नाटक आहे. ज्या माणसांनी ते रंगमंचावर पहिल्यांदा उभं केलं, त्यांच्याच आवाजात. त्यातलं एकच गाणं लोकांच्या लक्षात राहिलं. आजारी मुलाला कडेवर घेऊन एक आई माळ्यावर चढते आणि चढता चढता गाते. घरात औषध नाही, नवरा परतलेला नाही, खालच्या खोलीत थंडी आहे. ‘दिवा मालवते रे’ हे त्या गाण्याचं धृपद.

ती आई झालेल्या नटीला कंपनीत सगळे काडी म्हणायचे. अंगानं काडी, आणि पेट घ्यायलाही काडीच. फार चांगली बाई होती असं मी म्हणणार नाही. तिच्याऐवजी कधी उभं राहावं लागलं तर असू दे म्हणून कंपनीनं एक बदली मुलगी ठेवली होती. ती विंगेत उभी राहून ओठांतल्या ओठांत गाणं घोकायची. काडी तिच्या जवळून जाताना म्हणायची, “घोक गं, घोक. मी मेल्याशिवाय उपयोग नाही, आणि मला तर मेली सर्दीसुद्धा होत नाही.”

माळ्याचा जिना सुतारानं घाईत ठोकला होता. पहिल्याच प्रयोगाला तिसऱ्या पायरीची फळी सुटली. काडीचा पाय पडताच ती डगमगली. काडीनं ती पायरी सोडून लांब टांग टाकली. कडेवरचं मूल म्हणजे वाळू भरलेलं गाठोडं, ते घसरलं. ते सावरताना तिची छाती आवळली आणि ‘मालवते’ हा शब्द मधोमध तुटला. ‘माल’, मग एक श्वास, मग ‘वते’. समोरच्या अंधारात खोकणारेही खोकायचे थांबले.

पडदा पडला. सुतार हातोडा घेऊन धावला. दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणत. ते जिन्यापाशी उभे होते.

“फळीला हात लावलास तर तुझा हात मोडीन,” ते सुताराला म्हणाले.

काडी घाम पुसत म्हणाली, “आणि मी पडले म्हणजे?”

“पड की. पण सुरात पड.”

फळी तशीच राहिली. काडी रोज ती ओलांडायची आणि शब्द रोज तिथेच तुटायचा. ठरवून नव्हे. टांग लांब पडली की श्वास पुरायचा नाही, एवढंच.

नाटक चाललं, तेव्हा कंपनीच्या मालकांनी तबकडी काढायचं ठरवलं. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण त्या खोलीतलं सगळं माझ्या अंगावर कोरलेलं आहे. भिंतींना गोधड्या लावल्या होत्या. ध्वनिमुद्रकानं काडीला माइकपुढे उभं केलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. काडी गायली. सूर नीट, शब्द नीट, आणि गाणं मेलेलं. पुन्हा गायली. पुन्हा तेच.

“माझा जिना आणा,” ती म्हणाली.

“बाई, इथे आवाज धरतात. घर बांधत नाहीत.”

“मग तुम्ही बाहेर जा. तेवढी जागा जिन्याला होईल.”

हा वेडेपणा फक्त नाटकवालेच करू शकतात. नाट्यगृहातला तो जिना त्यांनी टेम्पोत घालून आणला, दारातून आत जाईना म्हणून आडवा केला, दोनदा भिंतीवर आपटला. वाळूचं गाठोडंही आलं. माइक काठीला बांधला आणि मास्तर स्वतः ती काठी धरून काडीच्या बाजूनं चालले. जिना करकरला. फळी डगमगली. शब्द तुटला.

ध्वनिमुद्रक कपाळाला हात लावून म्हणाला, “ही करकर ऐकून लोक मला जोड्यानं मारतील.”

“मारू देत,” मास्तर म्हणाले. “ऐकतील तर खरं.”

त्यानंतर कारखान्यात काळ्या गरम गोळ्याला दोन साच्यांमध्ये दाबलं आणि मी झाले. माझ्या ज्या बहिणी वाकड्या निघाल्या त्यांना तिथेच चुरडून पुन्हा वितळवलं. जन्मतःच मी हे शिकले, की इथे माया वगैरे काही नसते.

माझे चांगले दिवसही आले. लोक खिडक्या उघड्या ठेवून मला लावायचे, म्हणजे शेजाऱ्याला कळावं की आमच्याकडे आहे. मग माझ्याहून गुळगुळीत वस्तू आल्या आणि मी मागे पडले. त्याचं मला दुःख नाही. वस्तू जुनी होते. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

मालकांच्या मुलानं ते नाटक पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. मास्तर तोवर गेले होते. माझी मूळ फीत गोदामात होती. फीत वाया कशाला घालवायची म्हणून ती पुसून तिच्यावर साबणाची जाहिरात भरली होती. म्हणून मग माझीच एक बहीण आणून ती ऐकवून ऐकवून एका नामांकित गायिकेला गाणं शिकवलं. काचेच्या खोलीत ती गुबगुबीत स्टुलावर बसली. वाद्यं आधीच वाजवून झाली होती, वाजवणारे घरी गेले होते. ती एकटी, कानांवर यंत्र, हातात कोमट पाणी.

“इथे शब्द का तुटतो?” तिनं विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. संगीत संयोजक म्हणाला, “भावना असेल. छान वाटतंय. तिन्ही कडव्यांत टाकू या.”

केकवर चेरी ठेवावी तसा त्यांनी तो श्वास तीनदा ठेवला. हुंदक्यासारखा, गोड, मोजून मापून. करकर काढून टाकली. लोक हुंदक्याला रडले आणि ते नवीन गाणं घरोघर गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनं म्हणून मी चांगली नाही. माझ्यात खरखर आहे, एका ठिकाणी ढोलवाला चुकलाय, म्हातारा झालेला नट एका सुरापर्यंत पोचतच नाही. त्या गायिकेचा गळा काडीपेक्षा शंभर पटीनं चांगला. पण काडी गायली तेव्हा तिच्यापुढे नक्कल करायला कुणी नव्हतं. हे गाणं गाजेल की लोक उठून जातील, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला गाणं म्हणायचंच नव्हतं, तिला मूल वर न्यायचं होतं. नंतरचे सगळे गाणं म्हणतात. मूल कुणाच्याच कडेवर नसतं.

नव्या गाण्याच्या समारंभाला काडीला बोलावलं. तोवर तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. ती पाटीवर खडूनं लिहून बोलायची. लिहून बोलली म्हणून तिखटपणा काही कमी झाला नव्हता. निवेदक व्यासपीठावरून म्हणाला, “आज या गाण्याला खऱ्या अर्थानं न्याय मिळाला.” पहिल्या रांगेत काडी बसलेली. टाळ्या झाल्या. नंतर गायिका खाली येऊन तिच्याशी मायेनं बोलली, “तुमच्या वेळी साधनं नव्हती ना हो काही.”

काडीनं पाटीवर लिहिलं, ‘जिना होता.’

गायिका हसली. पाटी सहीसाठीच पुढे केली आहे असं समजून तिनं खडू घेतला आणि त्या दोन शब्दांखाली झोकात सही करून दिली. फोटो निघाला.

मी काडीच्या घरात होते. माझं पुठ्ठ्याचं पाकीट तिच्या लेकीनं दुमडून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं होतं आणि मी उघडी, रद्दीच्या गठ्ठ्यात. तिथून मला बाहेर काढलं ते नातीच्या शाळेच्या स्पर्धेमुळे. नात तेच गाणं म्हणणार होती. नवीन ऐकून तिनं तिन्ही हुंदके घोटून घोटून पाठ केले होते. पहिला हुंदका ऐकल्याबरोबर काडीनं खडू उचलला.

‘हे गाणं नाही. उचकी आहे.’

“आई, तिला नाउमेद करू नकोस,” लेक म्हणाली. “परीक्षकांना जे माहीत आहे तेच गायला हवं.”

काडीनं ऐकलं नाही. तिला मरायच्या आधी एकच हवं होतं. ते गाणं जसं होतं तसं एका तरी जिवंत गळ्यात जावं. स्वतःचा तर उरला नव्हता. तिनं जुनं यंत्र दुरुस्त करून आणलं, मला पुसलं आणि सुई टेकवली.

नातीनं कान दिला आणि नाक मुरडलं. “आजी, ही बाई चुकतेय. आणि मागे काय करकरतंय?”

‘ही बाई मी.’

नात यंत्राजवळ सरकली. आजीचा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. पण म्हणून पटलं असं नाही. “तरी चुकतेच आहे,” ती हळूच म्हणाली. आजीचीच नात ती.

काडीनं तिला दंडाला धरून दाराबाहेर इमारतीच्या जिन्यावर नेलं. तिच्या हातात दळणाचा भरलेला डबा दिला आणि वर बोट केलं. मुलगी गात चढली. तिसरी पायरी आली की काडी काठी आडवी धरायची. मुलगी टांग टाकायची, डबा घसरायचा, शब्द तुटायचा. पहिल्यांदा मुलगी चिडली. मग रडली. मग एकदा डबा छातीशी घट्ट धरून तिनं टांग टाकली आणि शब्द आपोआप तुटला. वरच्या मजल्यावर कुणी तरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. काडी खालच्या पायरीवर बसली होती. तिनं शाबासकी दिली नाही. तोंड फिरवलं, एवढंच मला उघड्या दारातून दिसलं. पुढे रोज हेच. मधूनमधून ती मला लावायची, तेवढीच जागा, पुन्हा पुन्हा. सुई टेकून टेकून तिथे माझा काळा रंग करडा झाला.

स्पर्धेत मुलगी तशीच गायली. एकच श्वास, योग्य जागी. एक हुंदका नाही. परीक्षकांनी तिला जवळ बोलावून समजावलं, “बाळ, आवाज चांगला आहे. पण शब्द मध्येच तुटला. श्वासावर मेहनत घे. आणि मूळ गाणं नीट ऐक.”

मूळ गाणं. हे शब्द तिनं घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. “तुझ्यामुळे हरले,” ती आजीला म्हणाली. “तुझ्याबरोबर तुझं गाणंही म्हातारं झालंय.” मग कंपासपेटीतलं कर्कटक काढून ती माझ्यापाशी आली. जागा शोधावी लागली नाही, करडी झालेली होती. तिनं ते आरपार ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काडीनं मला लावलं. करकर. पहिली पायरी, दुसरी पायरी. ‘दिवा माल’. सुई मागे घसरली. ‘दिवा माल’. पुन्हा मागे. ‘दिवा माल’. काडी खुर्चीत बसून राहिली, हात मांडीवर. सुई उचलायला उठली नाही.

“आई, बंद कर ते, वेड लागेल,” लेक स्वयंपाकघरातून ओरडली.

काडी हलली नाही. ती तरुण बाई माझ्या अंगावर चढत राहिली आणि तिसऱ्या पायरीशी परत खाली येत राहिली. शेवटी नात दप्तर टाकून आली. “पुरे ना आजी. मी चुकले. पुरे.”

काडीनं पाटी पुढे केली. आधीच लिहून ठेवली होती. ‘पुढचं आता फक्त तुला येतं.’

मुलीनं सुई उचलली. पण ती गायली नाही. पाटीही पुसली नाही. शाळेत निघून गेली.

काडीनं वाट पाहिली. मग थंडीत ती गेली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. फोटो समारंभातला, गायिकेसोबतचा. त्यातून काडीचा अर्धा चेहरा कापला गेला होता.

आता लेकीनं घड्याळवाल्याला बोलावलं आहे. तो इथेच बसून मला उलटंपालटं करतोय. “भोक आयतंच आहे,” म्हणतोय. खूश आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपायची वेळ गेली. करा घड्याळ. माझं मागणं एवढंच. कुणाला चुकलास म्हणण्याआधी, ‘मूळ’ हा शब्द तोंडातून काढण्याआधी, ते पहिल्यांदा कोण गायलं होतं ते विचारा. आणि तेव्हा तिच्या पायाखाली काय होतं, तेही विचारा. तुम्ही विचारणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगून ठेवते.

शाळा सुटलेली दिसते. जिन्यावर नातीची पावलं वाजतायत. हा जिना सिमेंटचा आहे, इथे कुठलीच फळी सुटलेली नाही. पहिलं पाऊल. दुसरं. मग तिसऱ्याच्या जागी काहीच नाही, नुसता श्वास. आणि एकदम चौथं.